कैलासवासी धायगुडे सारथी यांच्या चौऱ्याण्णव वेगाची हकीकत

श्री मार्गदेवता समर्थ. ज्या वाटा माणसास दूर नेतात आणि ज्या वाटा घरास आणितात, त्या उभयतांस आधी नमन, मग मजकूर. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, पौष मास, शुद्ध पक्ष, ते समयी राज्यात थंडी बहुत पडली होती, आणि घाटाखालील एका कसब्यात धायगुड्यांचे घरी तेरावे होऊन थोडेच दिवस जाहले होते, ऐशा वेळी राज्याचा आणि त्या घराचा जो तंटा उभा राहिला, तो कसा उठला, कोणी लढविला आणि कसा मिटला, हे जैसे घडले तैसे लिहिले आहे.

त्या कसब्यात नामदेवराव धायगुडे म्हणोन सारथी होते. राज्याचे लाल रथ, ज्यांत रयत पाटीतल्या कोंबड्यांसह आणि रुसलेल्या पाहुण्यांसह बसोन गावोगाव जाते, त्यांतील एक रथ तेहेतीस वर्षे त्यांचे हाती होता, आणि तेहेतीस वर्षांत एक कुत्रे देखील त्यांचे चाकाखाली आले नाही. मग सरकारांनी प्रसन्न होऊन विनाअपघात सेवेचा बिल्ला बक्षीस दिला. तो त्यांनी एक दिवस छातीस लाविला आणि दुसरे दिवशी शेवंताबाईंचे शिवणाचे डब्यात सुयांशेजारी ठेविला, म्हणाले, "टोचतो." निवृत्तीनंतर त्यांनी एक धाकटी पांढरी मोटार घेतली, आणि लाल रथ ज्या चालीने हाकला त्याच चालीने तीही हाकू लागले. काटा पन्नासाकडे झुकला की पाय आपसुक वर येई. मागील मोटारी भोंगे वाजवीत, ट्रॅक्टर पुढे निघून जात, एकदा तर लग्नाची वरात पुढे गेली, परंतु नामदेवराव ढळले नाहीत. कोणी टोमणा दिला तर म्हणत, "काटा म्हणजे देवळाचा कळस नव्हे, सारखं वर बघायला."

आणि त्यांची एक रीत होती, ती येथे सांगणे अगत्याचे. आगारात प्रत्येक फेरीचा तक्ता भरावा लागे: फेरी कोठून कोठे, सुटली किती वाजता, पोचली किती वाजता, आणि शेवटचे रकान्यात उशिराचे कारण. नोकरी सुटली, तक्ता सुटला नाही. घरच्या मोटारीसाठी त्यांनी दोनशे पानी वही आखली आणि मंडईस गेले तरी फेरी लिहिली. उशिराचे कारण: म्हशी. उशिराचे कारण: पंक्चर, डावे मागील. उशिराचे कारण: जावईबापूंचे बूट सापडेनात. ऐशा अकरा वर्षांत चार वह्या भरल्या आणि पाचवी निम्मी जाहली, तोच मार्गशीर्षात नामदेवराव चार दिवसांचे दुखण्याने गेले. पोटात काही होते, ते कार्तिकातच डॉक्टरांस दिसले होते. मुलांस मात्र "रिपोर्ट ठीक आहेत" इतकेच सांगण्यात आले होते.

वनिताबाई ही त्यांची थोरली कन्या, वय चव्वेचाळीस, शहरात शाळेत भूगोल शिकविते. ती रजा घेऊन आईपाशी राहिली होती. बापाचा फोन ती रोज चार्जिंगला लावी. कशाकरिता, हे तिला कोणी विचारिले नाही, हे सर्वांचे तिजवर उपकार. तर पौष शुद्ध सप्तमीस तो फोन वाजला आणि त्यात राज्याचे दंडपत्र आले, ज्यास रयत चलान म्हणते. मजकूर ऐसा, की बावीस नोव्हेंबर रोजी दुपारी तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी बोगद्यापुढील सरळ रस्त्यावर आपले पांढरे वाहन चौऱ्याण्णवच्या वेगाने गेले, तेथील मर्यादा ऐंशी, ऐशास दंड भरावा, अथवा हरकत असल्यास पंधरा दिवसांत तक्रार करावी. त्या रस्त्यावर खांबावर एक एकाक्ष हेर बसविला आहे, तो न जेवता न झोपता येणाऱ्याजाणाऱ्याची छबी टिपतो, त्याने ही खबर दिली होती.

वनिताबाईंनी ते तीनदा वाचिले, आणि तेरा दिवसांत जे झाले नाही ते झाले, म्हणजे त्यांस राग आला. राग येताच अंगात बळ आले. कारण त्यांचे ध्यानी वेगळीच गोष्ट होती. ही मोटार नवी असता त्यांनी एकदा बापास शेजारी बसवून ती पासष्टाने हाकली होती. तेव्हा त्या तेहेतीस वर्षांच्या, लग्न झालेल्या, एका मुलाची आई होत्या. नामदेवरावांनी घर येताच उतरून चावी मागितली आणि ती वर्षभर परत दिली नाही. पुढे वनिताबाई जन्मभर जपून चालवीत गेल्या. त्या बापावर, ज्याने पासष्टासाठी पोटची लेक दंडिली, चौऱ्याण्णवाचा आळ! मेलेले माणूस उठून जबाब देत नाही म्हणोन काय वाटेल ते लिहावे? त्यांनी निश्चय केला की दंड एक पैसा भरायचा नाही, लढायचे.

मग मसलत बसली. शेवंताबाई सूप घेऊन तांदूळ निवडीत होत्या. धाकटे बंधू हेमंतराव दूर देशी नोकरीस, ते फोनातून हजर जाहले. आणि इमाम मुलाणी आले, जे लाल रथावर एकोणीस वर्षे नामदेवरावांचे वाहक होते, तिकिटे फाडीत आणि घंटी मारीत. धायगुड्यांची मुले त्यांस चाचा म्हणत.

हेमंतराव म्हणाले, "ताई, भरून टाक ना. पाच मिनिटांचं काम. गाडी आईच्या नावावर करायचीय, चलान बाकी असलं की तिथं अडतंय."

"भरलं म्हणजे कबूल केलं."

"कुणाला कबूल केलं? कॉम्प्युटरला?"

"बाबांच्या नावावर राहील ते. तेहेतीस वर्षं कोरी पाटी, आणि शेवटची रेघ ही?"

इमामचाचांनी चलान डोळ्यांपासून हातभर लांब धरोन वाचिले आणि मोठ्याने हसले. "चौऱ्याण्णव? आगं, आमच्या गाडीला बैलगाडीनं मागं टाकलीय. मी डोळ्यांनी बघितलंय. गाडीवान वळून हसला होता. मी एकोणीस वर्षं घंटी मारमारून हात दुखावला, 'नाम्या, जरा दाब' म्हणून, पन्नासच्या वर काटा गेला नाही. मशीन बिघडलंय. मी येतो साक्षीला."

हेमंतराव हरले, म्हणाले, "करा दोघं काय करायचं ते." मग वनिताबाईंनी आईकडे पाहिले. शेवंताबाई तांदळातील खडा शोधीत होत्या, तो बराच वेळ सापडेना. मान वर न करिता म्हणाल्या, "भरून टाक गं बाई. कशाला कचेऱ्या धुंडायच्या?"

ते वनिताबाईंचे काळजास लागले. त्या मनात म्हणाल्या, की हिला त्यांच्या नावाची चाड नाही, सारे लौकर मिटावे इतकेच हिला हवे. आणि ऐसे मनात आल्याबद्दल स्वतःची लाजही वाटली, परंतु विचार गेला नाही.

मग त्यांनी युद्धाची तयारी आरंभिली. नामदेवरावांच्या वह्या पेटीतून काढिल्या, आणि भूगोलाचे बाईस नकाशा नवा नाही, म्हणोन प्रत्येक फेरीचे अंतर वेळेने भागोन तक्ता केला. अकरा वर्षांत सरासरी वेग कोठेही अठ्ठेचाळिसाचे वर गेला नव्हता. एका फेरीत तर अकरा निघाला, तेथे उशिराचे कारण लिहिले होते, "शेवंता माहेरी सोडावयाची होती. घाई नव्हती." ते वाचोन वनिताबाई पुष्कळ दिवसांनी हसल्या. परंतु पाचव्या वहीत दिवाळीपाशी येऊन त्या थांबल्या, कारण तेथून अक्षर हलू लागले होते, ओळ आखलेल्या रेघेवरून खाली उतरत होती, आणि ते त्यांस पाहवेना. त्यांनी वही मिटली. पुरावा एवढ्यावरही भक्कम होता. येथेच चूक जाहली. परंतु ती चूक दुसऱ्या कोणाकडून झाली नसती, आणि झाली हे बरे झाले.

पौष शुद्ध दशमीस वनिताबाई पाचही वह्या, मृत्यूचा दाखला, बिल्ला आणि इमामचाचा ऐसा सरंजाम घेऊन तालुक्याचे ठाणी वाहतूक कचेरीत दाखल जाहल्या. तेथे अंकुश तरडे म्हणोन हवालदार होते, त्यांस पडसे झाले होते, गळ्यास मफलर, टेबलावर आल्याचा चहा. रयत पुढे उभी राहोन नाना सबबी सांगत होती. एक म्हणे गाडी माझी पण चालवीत मेहुणा होता, दुसरा म्हणे हेल्मेट होते पण केसांच्या रंगाचे होते. हवालदारांनी सर्वांचे सारखेच ऐकोन घेतले. मग वनिताबाईंची पाळी आली आणि त्यांनी वह्या टेबलावर मांडिल्या, एकावर एक, बिल्ला सर्वांत वर.

"ताई, हे काय?"

"वडिलांच्या फेऱ्या. ते गेले गेल्या महिन्यात. त्यांनी असं कधी चालवलं नाही. तुमचा कॅमेरा चुकलाय."

"साहेब," इमामचाचा म्हणाले, "मी शेजारी बसून आलोय एकोणीस वर्षं. त्या माणसाला ओव्हरटेक हा शब्द माहीत नव्हता."

तरडे हवालदारांनी बिल्ला उचलून पाहिला आणि दोन्ही हातांनी परत ठेविला. मग वरची वही उघडोन वाचू लागले, प्रथम कामाकरिता, मग गोडीने. "उशिराचे कारण: म्हशी," ते मोठ्याने वाचते जाहले, "उशिराचे कारण: म्हशी, त्याच." रांगेतले हसले. हवालदार नाक पुसून म्हणाले, "ताई, असला माणूस खात्यात पाहिजे होता. बरं, बावीस नोव्हेंबरचं पान कुठंय?"

वनिताबाईंचे लक्षात आले की ते पान आपण उघडलेच नाही. त्या म्हणाल्या, "असेल शेवटी," आणि हात पुढे केला, परंतु तोवर हवालदारांनी पाचव्या वहीतले पान काढिले होते. त्यांनी वाचिले. मग पुन्हा वाचिले, या वेळी ओठ न हलविता. मग चहाचा पेला बाजूस सारिला आणि वही फिरवून त्यांचेपुढे ठेविली. ऐसा प्रकार जाहला, की जो किल्ला राखावयास सैन्य आणिले, त्या सैन्यानेच दरवाजा उघडिला. पानावर हलत्या अक्षरांत लिहिले होते:

"२२ नोव्हेंबर. फेरी: दवाखाना ते घर. प्रवासी एक. सुटली ३.१०, पोचली ४.०६. उशिराचे कारण: उशीर नाही. नऊ मिनिटे आधी. बोगद्यापुढे वेग ९४. प्रवाशाची मागणी होती, तरी जबाबदारी चालकाची. खांबावर कॅमेरा आहे हे चालकास माहीत होते. दंड आल्यास भरावा. वाद घालू नये."

वनिताबाईंनी ते वाचून वही इमामचाचांकडे सरकविली. इमामचाचांनी वाचिले आणि डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेविली. म्हणाले, "नाम्या, लेका! माझ्यासाठी कधी पंचावन्न नाही केलीस." आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले, आणि ते त्यांनी टोपीनेच पुसले.

मग हवालदारांनी संगणकाचा पडदा त्यांचेकडे वळविला. हेराने टिपलेली छबी तेथे होती. काचेवर ऊन आले होते आणि चित्र भरड होते, तरी ओळख पटली. नामदेवराव दोन्ही हातांनी चक्र धरोन, मान ताठ, तोंड परीक्षेस बसलेल्या मुलासारखे. आणि शेजारी शेवंताबाई. खिडकीची काच खाली, पदर वाऱ्याने उडून डोक्यामागे गेलेला, एक हात खिडकीबाहेर पसरलेला, आणि तोंड उघडे. त्या हसत होत्या. आपली आई ऐशी हसताना वनिताबाईंनी चव्वेचाळीस वर्षांत पाहिली नव्हती. घरात दोघांचे एकत्र फोटो तीन, तिन्हींत दोघे कोणी मेल्यासारखे उभे. आणि हा चौथा, जो राज्याने काढिला.

मग तरडे हवालदार आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, मालक वारलेत. दाखला आहे तुमच्याकडं. अर्ज द्या, मी साहेबांपुढं ठेवतो. रद्द व्हायला हरकत नसावी. ह्या वहीचं मी काही पाहिलं नाही."

सकाळी जे मागावयास त्या आल्या होत्या, ते आता कोणी न मागता ताटात वाढीत होते. वनिताबाईंनी चलानाकडे पाहिले, मग वहीकडे. त्या म्हणाल्या, "तुमचे फार उपकार आहेत. पण नको. मी त्यांच्या नावाला डाग लागू नये म्हणून आले होते. आता रद्द केलं तर त्यांनी गाडी चालवलीच नाही असं होईल. त्यांनी चालवली. स्वतःच्या अक्षरात लिहून सांगितलंय त्यांनी." आणि तेथेच उभ्या राहोन त्यांनी दंडाचे दोन हजार भरिले, आणि पावती मिळाली ती त्यांनी बापाच्या वहीत बावीस नोव्हेंबरचे पानी ठेविली. मग विचारिले, "ह्या फोटोची प्रत मिळेल का?"

"मोबाइलवर दिसतो तसाच असतो, ताई."

"कागदावर हवाय."

तेव्हा हवालदारांनी सरकारी यंत्रावर, सरकारी कागदावर, ती छबी छापोन दिली, आणि खाली तारीख, वेळ व वेग छापोन आला तो तसाच राहू दिला. इमामचाचा निघताना म्हणाले, "साहेब, पडशाला हळद घ्या," आणि हवालदार म्हणाले, "चाचा, तुम्ही हळू जावा."

घरी आल्यावर वनिताबाईंनी कागद शेवंताबाईंचे पुढे ठेविला. शेवंताबाईंनी चष्मा लाविला. कागद पाहोन पदर डोक्यावर ओढून घेतला, जणू तो आत्ताच उडाला होता. मग म्हणाल्या, "सापडलो म्हणायचं आम्ही."

"आई, तू बोलली का नाहीस?"

"कसं बोलू? त्यांनी शपथ घातली होती. 'पोरीची चावी काढून घेतली होती मी, आता तिला तोंड कसं दाखवू,' म्हणाले. मेल्यावर त्यांना खोटं पाडू? म्हणून तर म्हणत होते, भरून टाक."

आणि मग शेवंताबाईंनी त्या दिवसाची हकीकत सांगितली. डॉक्टरांनी दोघांस बसवून जे सांगावयाचे ते सांगितले. मग मोटारीत बसून दोघे बोगद्याचे वाटेस लागले. नामदेवराव चाळिसाने हाकीत होते, आणि शेवंताबाईंस वाटले की घर आता येऊच नये आणि आत्ताच यावे, दोन्ही एकदम. बोगद्यातून बाहेर पडताच पुढे रस्ता सरळ आणि मोकळा दिसला, आणि त्यांचे तोंडून निघून गेले, "अहो, तेहेतीस वर्षं लोकांना वेळेवर पोचवलंत. मला मेलीला एकदा तरी लवकर पोचवा."

"काय म्हणाले बाबा?"

"आधी पट्टा लावलाय का बघितलं. मग म्हणाले, 'मागणी लेखी लागते.' आणि दाबली की गं! मी काच खाली केली, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, हसूच आवरेना. मी म्हटलं, पुरे, पुरे. तर म्हणतात, 'प्रवाशांनी चालकाशी बोलू नये.'"

ऐसे बोलोन शेवंताबाई हसल्या, तैशाच, तोंड उघडून, आणि हसता हसता रडल्या, आणि तेरा दिवसांत त्या रडल्या नव्हत्या, ते सारे रडल्या. वनिताबाई त्यांचे पाठीवरून हात फिरवीत बसल्या. त्यांचे मनात आले, की आपण बापाचे नाव राखावयास निघालो आणि आईवर मनातल्या मनात आळ घेतला, आणि नाव तर आईने राखिले होते, तांदूळ निवडीत, गप्प राहून. त्यांनी उठोन चहा टाकिला, आईस आवडते तैसे आले जास्त घालून.

पौष पौर्णिमेचे दुसरे दिवशी, मोटार शेवंताबाईंचे नावे करावयाची कागदे देऊन उभयता बोगद्याचे वाटेने परत आल्या. वनिताबाई हाकीत होत्या, काटा साठावर. खांब दिसताच शेवंताबाईंनी काच खाली केली, हात बाहेर काढिला आणि खांबावरील हेरास हलविला, जैसा कोणी ओळखीचे माणसास हलवितो. हेर काही बोलला नाही, कारण साठावर त्याचा अंमल नाही. खांब मागे पडला. मग शेवंताबाई म्हणाल्या, "वने, पुन्हा एकदा जायचं का?" मग पुढील फाट्यावरून मोटार वळविली आणि पुन्हा तेथून गेल्या.

घरी येऊन वनिताबाईंनी पाचवी वही काढिली. बापाची ओळ जेथे संपली त्याखाली एक रेघ सोडून आपल्या अक्षरांत लिहिले. फेरी: तालुका कचेरी ते घर. प्रवासी एक. सुटली २.२०, पोचली ३.५०. उशिराचे कारण: घाई नव्हती.

ऐसा हा तंटा मिटला. राज्यास दंड पोचला, सारथ्याचे वचन राहिले, आणि घरास चौथा फोटो मिळाला, तो शिवणाचे डब्यावरील भिंतीस आहे, खाली वेग ९४ वाचता येतो. खांबावरील हेर आपले काम करून निर्दोष, त्याचे या घरावर मोठे उपकार आहेत. हवालदाराचे पडसे आठ दिवसांत बरे जाहले. वहीची पाने अद्याप निम्मी कोरी आहेत. इतके लिहून पुरे केले.